एम्फिसिमेटस पायलोनेफ्रायटिस

किडनीचं हे इन्फेक्शन तसं क्वचितच दिसतं, पण दिसलं की डॉक्टरांची धावपळ उडते, कारण यात जंतू किडनी नुसती सुजवत नाहीत तर कुजवतात आणि तिथेच गॅस तयार करतात. पेशंट बहुतेक वेळा शुगरवाला, त्यातही बायका जास्त. केली आणि मॅकॅलम या डॉक्टरांनी 1898 मध्ये लघवीतून गॅस जाणाऱ्या केसवर लिहिलं होतं, आजचं नाव मात्र 1962 पासूनचं.

जंतू बाहेरचा कोणी नाही, आपल्याच आतड्यातला ई. कोलाय, कधी क्लेबसिएला. शुगर कंट्रोलमध्ये नसली की टिश्यूत साखर भरपूर आणि रक्तपुरवठा कमी, मग जंतू ती साखर आंबवतात आणि इडलीच्या पिठासारखे बुडबुडे धरतात. त्यात मूतखड्याने लघवीची वाट अडवली असेल तर बघायलाच नको.

लक्षणं साध्या किडनी इन्फेक्शनसारखीच, थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, लघवीला जळजळ, आणि इथेच फसगत होते, घरचे व्हायरल समजून पॅरासिटामॉल देत बसतात. प्लेटलेट उतरल्या, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) वाढलं, बीपी पडलं किंवा पेशंट बरळायला लागला तर मामला गंभीर. सोनोग्राफीत हा गॅस आतड्यातला वाटू शकतो, त्यामुळे खात्री सीटी स्कॅननेच होते, किडनीच्या जागी काळे ठिपके स्पष्ट दिसतात आणि त्यासाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे किडनीवर ताण आणू शकणारं शिरेतलं औषध, लागतोच असंही नाही, क्रिएटिनिन वाढलेल्या पेशंटसाठी हे बरंच आहे. गॅस कुठपर्यंत पसरलाय त्यावरून चार प्रकार करतात, ही विभागणी हुआंग आणि त्सेंग यांची, 2000 सालची.

जंतू कोणता ते कळायला कल्चरला सॅम्पल पाठवून लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत. साधी औषधं चालत नसलेला जंतू निघाला तर मेरोपेनेमसारखं औषध. सोबत सलाईन, इन्सुलिन, गरज पडली तर आयसीयू. पण नुसत्या औषधांवर भागेलच असं नाही, पू आणि गॅस साठला असेल तर पाठीतून पिगटेल नळी (टोकाला वळलेली बारीक नळी) घालून काढतात, लघवीची वाट अडली असेल तर आतून डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी, टाकतात. पूर्वी सरळ किडनीच काढायचे, आता या नळ्यांमुळे बऱ्याच जणांची वाचते, तरीही सुधारणा नाहीच झाली तर काढावी लागते. एक मात्र आहे, तो स्टेंट ठरलेल्या तारखेला काढून घ्यायचा असतो, बरं वाटलं म्हणून लोक फिरकतच नाहीत आणि मग त्याच्यावरच खडे जमतात.