नोटिशीची बंदिश: सीमाभागातली जुनी पायवाट

नळाला पाणी येणार नसल्याची नोटीस, बाजार समितीचा भावफलक, वर्तमानपत्रातली 'नावात बदल' ही जाहिरात, आजीच्या वहीतली सांडग्यांची कृती. गाण्यासाठी कधीच न लिहिलेला असा मजकूर घेऊन रागदारीत रचना करायची म्हटलं की बेळगावातले जाणते श्रोते आधी विचारतात, याला बंदिश म्हणायचं का? प्रश्न रास्त आहे. पण हे परदेशी खूळ आहे असं समजून कुणी तो विचारत असेल, तर त्याला आपल्याच घराचा इतिहास सांगायला हवा.

परदेशातला भाग थोडक्यात. फ्रेंच संगीतकार दारियुस मीयो यांनी १९१९ मध्ये शेतीच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकेतला मजकूर एक आवाज आणि सात वाद्यांसाठी बांधला. अनेकांना ती थट्टा वाटली. मीयो यांनी मात्र ते काम पूर्ण गांभीर्याने केलं होतं. रशियात अलेक्झांडर मोसोलोव्ह यांनी १९२६ मध्ये 'इझ्वेस्तिया'तल्या चार जाहिरातींची गाणी केली. त्यांत हरवलेला कुत्रा आहे, विकायला ठेवलेल्या जळवा आहेत आणि नाव बदलणारा एक नागरिकही आहे. लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९४७ मध्ये चार पाककृतींना चाली दिल्या, तर गॅब्रिएल कहाने यांनी २००६ मध्ये इंटरनेटवरच्या छोट्या जाहिरातींना.

आपल्याकडे ही वाट चारशे वर्षांहून जुनी आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, आणि तिथे नाथांनी रात्र जागून हिशेबातली चूक शोधल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. दप्तराची ही भाषा नाथांनी थेट भारुडात आणली. अर्जदस्त, अभयपत्र, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र अशी सरकारी कागदांची रूपं घेऊन त्यांनी रचना केल्या. 'अर्जदस्त'मध्ये परगणा आहे 'शरीराबाद' आणि किल्ला 'कायापुरी'. तिथले जमीनदार म्हणजे दंभाजी शेटे आणि कामाजी महाजन. त्या काळच्या फारसीमिश्रित कारकुनी मायन्यात जिवाचं गाऱ्हाणं मांडलं आहे, आणि ते सादर करायचं टाळ-मृदंगाच्या साथीने. रुक्ष कागदाला लय सापडते यावर नाथांचा जो विश्वास होता, तो मला आजच्या कुठल्याही प्रयोगापेक्षा धीट वाटतो. खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या भजनी मंडळाला हे सांगितलं, तर त्यात त्यांना नवल वाटणार नाही.

रागसंगीतानेही असा मजकूर मुळीच वर्ज्य मानलेला नाही. तराण्यात अर्थ असलेले शब्द नसतातच म्हटलं तरी चालेल. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी 'चतुर' या नावाने लक्षणगीतं रचली; त्यांत वादी-संवादी (रागातले मुख्य स्वर), वर्ज्य स्वर, गायनसमय अशी रागाच्या व्याकरणाची माहितीच गायची असते. पाठ्यपुस्तकातला नियम स्थायी-अंतरा या बंदिशीच्या दोन भागांत बसतो, तर नोटीस का बसू नये?

बेळगाव-धारवाडकडच्या या जिल्ह्यांचं स्वतःचं देणं आणखी वेगळं आहे. शब्द एकीकडचे आणि सूर दुसरीकडचे, ही देवघेव इथे कायम चालू राहिली. 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली यांच्या जोडीने त्यांनी कानडी चालीही मराठी पदांना लावल्या. पुढे संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, छापायची रीतच पडली. धारवाडकडे मल्लिकार्जुन मन्सूर यांनी शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, कानडी वचनं रागांत गायली. बाराव्या शतकातली ही वचनं ठरलेल्या वृत्तात नाहीत, ती गद्याच्या अंगाने जातात. अक्कमहादेवींचं 'अक्क केळव्व' मन्सूरांच्या तोंडून ऐकावं: एक बाई दुसरीला आपलं स्वप्न सांगते आहे, हा बोलण्याचा सूर कुठेही सुटत नाही आणि राग तर जराही ढळत नाही. मोकळं गद्य गाताना काय सांभाळायचं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातल्याच सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि तिथे माळव्याची लोकगीतं, जोग्यांच्या तोंडची निर्गुणी भजनं त्यांच्या कानी पडली. दारावरून जाणारं गाणं मैफिलीत आणताना त्यांनी त्याचा खडबडीतपणा घासून काढला नाही. १९६५ च्या 'अनूपरागविलास'मधल्या बंदिशींतही रोजच्या जगण्यातले प्रसंग येतात.

आता प्रत्यक्ष बांधणी. 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' हे वाक्य मध्यलयीत, सोळा मात्रांच्या तीनतालात घ्या. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचललं तर उद्, द्या, अवग्रह, स, का, अवग्रह, ळी, अवग्रह अशा आठ मात्रा भरतात (अवग्रह म्हणजे आधीचाच स्वर लांबवायची मात्रा) आणि 'पाणी'तला 'पा' बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो. लांबवायला 'आ' हा स्वर मिळतो, अर्थाचं वजनही तिथेच पडतं. हीच सम 'नाही'वर नेली तर निवेदनाची तक्रार होते. मजकूर तोच, पण बंदिश दुसरी. पुढचं 'जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी' अंतऱ्याला घेतलं की अडचण सुरू होते: लांबलचक शब्द, जोडाक्षरं, यमक नाही. तिथे आलाप ताणण्यापेक्षा बोलांच्या अंगाने लय धरावी आणि मुखड्यावर परत यावं. दवंडीवाल्याला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. 'ऐका हो ऐका' म्हणून तो हलगीवर काठी टाकायचा आणि थांबायचा. ती थांबायची जागा मजकुरातूनच यायची.

सीमाभागात आणखी एक पेच आहे. इथल्या कित्येक मराठी घरांत जमिनीचा उतारा येतो कानडीत आणि त्यावरची चर्चा होते मराठीत. रचनाकाराने यातलं काय घ्यायचं? मराठी भाषांतर करून घेतलं तर कागदाचा मूळ नाद जातो. कानडी जसंच्या तसं घेतलं, तर ऱ्हस्व-दीर्घ आणि आघात त्या भाषेचे सांभाळावे लागतात. नुसतं देवनागरीत लिहून पाठ करणं पुरत नाही. गदगचे भीमसेन जोशी मराठी अभंग आणि कानडी दासरपदं (हरिदास संतांची पदं) दोन्ही गायचे. कानडी उतारा बांधायला बसलेल्या मराठी गायकाने आधी तो शेजारच्या कानडी माणसाकडून दोन-चार वेळा मोठ्याने वाचून घ्यावा, त्याचा श्वास कुठे तुटतो ते टिपावं आणि मगच ताल निवडावा.