जास्त हवेचा फॅन आणि जास्त दाबाचा फॅन: कॅबिनेटमध्ये कोणता कुठे बसवावा?

डेस्कटॉपच्या कॅबिनेटसाठी १२० मिलिमीटरचा चांगला फॅन घेतला, तर त्याच्या खोक्यावर दोन आकडे सापडतात. मिनिटाला किती घनफूट हवा सरकते हे पहिला आकडा सांगतो आणि तो सीएफएममध्ये असतो. दुसरा आकडा स्थिर दाबाचा, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलण्याच्या जोराचा असून तो मिलिमीटर पाण्याच्या उंचीत दिलेला असतो. बहुतेक खरेदी पहिल्याच आकड्यावर होते, कारण जितकी जास्त हवा तितका जास्त थंडावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात मात्र अशी निवड अनेकदा चुकते, आणि त्याचे कारण इथल्या धुळीत आहे.

हे दोन आकडे एकमेकांच्या उलट स्थितीत मोजलेले असतात. सीएफएमचा कमाल आकडा फॅनपुढे कोणताही अडथळा नसताना मिळतो, म्हणजे त्या वेळी दाब शून्य असतो. स्थिर दाबाचा कमाल आकडा हवेची वाट पूर्ण बंद असतानाचा असतो, म्हणजे त्या वेळी प्रवाह शून्य असतो. त्यामुळे दोन्ही आकडे खरे असूनही ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत आणि प्रत्यक्षात बसवलेला फॅन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो. दूधगंगा-वेदगंगेच्या काठावरून उसाला पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्याला हे नवे नाही. मोटार घेताना तो हेड (पाणी किती उंच चढते) आणि डिस्चार्ज (किती पाणी पडते) दोन्ही विचारतो, कारण मळा जितका उंचावर तितके पाणी कमी पडणार हे त्याला ठाऊक असते. कॅबिनेटमध्ये ही उंची म्हणजे पुढची जाळी, धूळ अडवणारा फिल्टर आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) किंवा रेडिएटर (पाण्याने थंड करणाऱ्या कूलरची जाळी) यांच्या पातळ पत्र्यांमधल्या अरुंद फटी.

नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे दोन फॅन शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. एनएफ-एस१२ए हा फॅन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर सुमारे ६३ सीएफएम हवा आणि १.१९ मिलिमीटर दाब देतो. एनएफ-एफ१२ हा १५०० फेऱ्यांवर सुमारे ५५ सीएफएम हवा, पण २.६१ मिलिमीटर दाब देतो. त्याच्या चौकटीत बसवलेल्या स्थिर पट्ट्या फॅनमागची गरगरणारी हवा सरळ करतात. वेग वेगळा आहे म्हणून ही तुलना अन्यायाची वाटेल, परंतु फॅनचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. या नियमाने दुसरा फॅन १२०० फेऱ्यांवर आणला तर हवा सुमारे ४४ सीएफएम आणि दाब सुमारे १.६७ मिलिमीटर राहतो, म्हणजे दाबात तो तरीही पुढेच आहे. याच नियमामुळे आवाज कमी करण्यासाठी वेग निम्म्यावर आणला की मोकळी हवा निम्मी उरते, पण दाब मात्र चौथाईवर येतो. फिल्टर असलेल्या कॅबिनेटमध्ये फार हळू चालणारे फॅन निरुपयोगी ठरतात ते यामुळेच.

आता आपल्याकडची धूळ पाहू. वडगाव-खासबागच्या यंत्रमागांजवळ सुताचा बारीक भुगा उडतो, उद्यमबागेत फाउंड्रीची काळी धूळ असते आणि निपाणीत तंबाखूची. अशा ठिकाणी फिल्टर काढून टाकणे हा उपाय नव्हेच, कारण मग तीच धूळ हीटसिंकमध्ये जाऊन बसते. फिल्टर ठेवलाच पाहिजे, आणि तो दर आठवड्याला थोडा थोडा बुजत जाणार हे धरूनच फॅन निवडला पाहिजे. समजा, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॅट उष्णता बाहेर टाकत आहेत. कॅबिनेटमधून खरोखर ५० सीएफएम हवा वाहत असेल, तर ती सुमारे ११ अंशांनी तापून बाहेर पडते. फिल्टर बुजून प्रवाह २५ सीएफएमवर आला, तर हीच वाढ सुमारे २२ अंशांची होते, आणि एप्रिलच्या दुपारी खोलीच ३५ अंशांवर असेल, तर आतली हवा कुठवर जाईल हे सांगायला नको. या हिशेबात बेळगावची उंचीही धरली आहे: समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर हवा अंदाजे ७ टक्के विरळ असते, म्हणून तितकीच घनफूट हवा थोडी कमी उष्णता वाहून नेते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की पुढच्या बाजूला, फिल्टरमागे, जास्त दाबाचे फॅन लावावेत. रेडिएटर आणि प्रोसेसरवरचा उंच हीटसिंक यांनाही तेच योग्य. मागच्या बाजूला हवा बाहेर टाकणाऱ्या फॅनपुढे फक्त मोठ्या छिद्रांची जाळी असते, त्यामुळे तिथे जास्त हवेचा, संथ आणि शांत फॅन पुरेसा आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटींतून हवा बाहेर पडते आणि धुळीला फिल्टरशिवाय आत शिरायला वाट मिळत नाही. मात्र हा हिशेब खोक्यावरच्या सीएफएमवर करू नये. पुढचे दोन फॅन बुजलेल्या फिल्टरमागे असतील आणि मागे, वर मिळून दोन मोकळे असतील, तर कागदावरची बरोबरी प्रत्यक्षात उलटी होते. फॅन चालू असताना मागे कार्ड बसवण्यासाठी असलेल्या रिकाम्या स्लॉटच्या पट्टीजवळ उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला, तर कॅबिनेट फटींतून धूळ पीत आहे असे समजावे आणि आधी फिल्टर साफ करावा, मग वरचा फॅन मंद करावा.

पुढचा दर्शनी भाग संपूर्ण काचेचा असून हवेला फक्त कडेच्या चिरा असतील, तर दाबाचा फॅनही थोडीच भरपाई करू शकतो. तिथे जाळीचे कॅबिनेट घेणेच बरे. फिल्टर कोरड्या ब्रशने दर पंधरवड्याला झाडावा. पाण्याने धुतल्यास, विशेषतः खानापूरकडच्या पावसाळ्यात, तो पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये, कारण ओलसर जाळीवर धुळीचा चिखल होतो आणि तो कोरड्या धुळीपेक्षा कितीतरी जास्त हवा अडवतो.