ताप गेला, कान वाजायलेत : एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

“ताप उतरला, पण कान वाजायलेत.” २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट ओसरताना मराठवाड्यात ही तक्रार ऐकू येत होती. कुणाच्या कानात रातकिडे, कुणाच्या कानात कुकरची शिट्टी. रात्री सामसूम झाली की विहिरीवरची मोटार चालू असल्यासारखी घरघर. लाईट आली म्हणून उठावं तर मोटार बंदच.

पडसं आणि कान यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीच जोडला गेला. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात कानाच्या रोगांची कारणं सांगताना सुरुवातच प्रतिश्यायापासून, म्हणजे पडशापासून केली आहे. पाण्यात खेळणं आणि कान कोरणं त्यानंतर येतं. माधवनिदान या दुसऱ्या ग्रंथात कर्णनादाला, म्हणजे कान वाजण्याला, भेरी, मृदंग, शंख यांच्या आवाजाची उपमा आहे. दोष मात्र वाताचा.

पडशापुरतं कोडं सोपं आहे. नाकामागून मध्यकर्णात जाणारी नळी सुजते, पडद्यामागे पाणी साठतं, कानाला दडे बसतात. बाहेरचं ऐकू येणं मंदावलं की आतलं ठळक होतं. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात बोलका प्रयोग.

विषाणू थेट अंतर्कर्णात, म्हणजे कानाच्या सगळ्यात आतल्या भागात, शिरतो का, हा खरा अवघड प्रश्न. गालगुंडाने एक कान कायमचा जाऊ शकतो, हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. अमेरिकेतले कानतज्ज्ञ हॅरॉल्ड शुक्नेख्ट यांनी मृतांच्या कानाची हाडं तपासून अचानक येणाऱ्या बहिरेपणामागे विषाणू असावा, असं मांडलं. २०२१ मध्ये अमेरिकी संशोधकांना अंतर्कर्णाच्या केशपेशींवर कोरोना विषाणूला आत घेणारी ‘दारं’ सापडली. आवाज टिपणाऱ्या केशपेशी एका कानात जेमतेम पंधरा हजार, आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

पण तापानंतर आणि तापामुळे यात अंतर आहे. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. माणसं पटापट मरत असताना कान वाजतो हे कोण लिहून ठेवणार? शिवाय तेव्हा तापावर क्विनाइन सर्रास दिलं जाई, आणि क्विनाइननेही कान वाजतात. शंभर वर्षांनी कोविडमध्ये त्याच्या नात्यातलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आलं. कर्णनाद त्याच्याही दुष्परिणामांत आहे. म्हणजे दोष तापाचा की गोळीचा, हा गुंता तसाच.

मँचेस्टरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा कोविड झालेल्यांत कर्णनादाचं प्रमाण सुमारे १४.८ टक्के निघालं. हा आकडा बातम्यांत खूप फिरला. त्यातले बरेच अभ्यास रुग्णांच्या सांगण्यावर उभे होते, हे फारसं कुणी छापलं नाही. ताप येण्याआधी कान तपासलेला असला तर तुलना करता येते. आपल्याकडे तो कोण तपासून ठेवतो?

एक गोष्ट वेगळी धरावी लागते. दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकू येणं एकदम गेलं आणि तो वाजू लागला, तर ती घाई करण्याची वेळ. स्टिरॉइड सुरुवातीच्या दिवसांतच कामाचं ठरतं, आणि आपल्याकडे पहिला आठवडा लसणाच्या कोमट तेलात जातो.