इशारा पातळीखालची पंचगंगा आणि नवशिक्याची कयाक

पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी घरोघरी विचारली जाते. तेथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मानतात. हे आकडे पुराच्या पूर्वसूचनेसाठी आहेत. पहिल्यांदाच कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीत, बसणाऱ्याने त्यांवर विसंबू नये, कारण पाणी 39 फुटांवर पोहोचण्याच्या कितीतरी आधी नदीवरचे बंधारे बुडालेले असतात.

बुडालेल्या बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी तळाकडे जाते, तेथून उसळून वर येते आणि पृष्ठभागावरून उलटे बंधाऱ्याकडेच वळते. या आडव्या भोवऱ्यात सापडलेली कयाक, किंवा लाइफ जॅकेट घातलेला माणूससुद्धा, पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढला जातो. वरच्या बाजूने येणाऱ्याला मात्र समोर पाण्याची एक निरुपद्रवी, गुळगुळीत रेषा दिसते.

पातळी मोजण्याच्या पट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोलीही नव्हे. रायगड जिल्ह्यात सावित्रीची धोका पातळी 6.50 मीटर, तर कुंडलिकेची 23.95 मीटर आहे. याचा अर्थ कुंडलिका जवळपास चौपट खोल आहे असा होत नाही, मोजणीचा शून्य बिंदू दोन्हीकडे वेगळा आहे, एवढेच. म्हणून एका नदीवरचा अनुभव दुसऱ्या नदीच्या आकड्याला लावता येत नाही. एकाच ठिकाणच्या आकड्यातील बदल मात्र बरेच सांगतो. रुंद पात्रात पाण्याची खोली दुप्पट झाली, तर वेग साधारण दीडपट आणि विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, तिपटीहून थोडा अधिक होतो. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने कयाकवरचा रेटा सुमारे अडीचपट होतो. नवशिक्याच्या दंडात तेवढे बळ नसते.

ही वाढ स्थानिक पावसाशिवायही होऊ शकते. पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीवर राधानगरी धरण आहे. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे जलाशय भरला की आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर पाणी सुटते. कोल्हापुरात त्या वेळी लख्ख ऊन असू शकते. म्हणून निघण्यापूर्वी पातळीबरोबरच धरणाचा विसर्ग पाहावा आणि आदल्या दिवसाच्या नोंदीशी ताडून पाणी चढते आहे की उतरते आहे, हे ठरवावे. काठावर पाण्याच्या कडेला काठी रोवून अर्धा तास थांबणे हा जुना उपायही चांगला आहे. काठी पाण्यात गेली, पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर बेत रद्द करावा.

पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता येण्याजोग्या फळ्या, बसवतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला संथ डोह तयार होतो. शिकण्यासाठी हीच जागा उत्तम, मात्र बंधाऱ्यापासून चांगले अंतर राखून. तेथे पट्टीवरची पातळी प्रवाहापेक्षा बरग्यांच्या उंचीवर अधिक अवलंबून असते. त्यामुळे त्या दिवशी बरगे काढण्याचे काम तर नाही ना, हे पाटबंधारे विभागाकडे विचारून घेणे पट्टी वाचण्याइतकेच आवश्यक आहे.