'ट्रेझर प्लॅनेट'विषयीचे दुमत : एका जुन्या साहसकथेची पार्श्वभूमी

डिस्नेचा 'ट्रेझर प्लॅनेट' हा अ‍ॅनिमेशनपट २७ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून त्याच्याविषयी प्रेक्षकांचे एकमत कधीच झालेले नाही. काहींच्या मते तो एका अभिजात सागरकथेची ओढाताण करून बनवलेला, दिसायला देखणा पण आतून गोंधळलेला चित्रपट आहे. इतरांना, विशेषतः ज्यांनी तो लहानपणी पाहिला त्यांना, तो त्या काळातील डिस्नेचा सर्वांत जिव्हाळ्याचा चित्रपट वाटतो. दोन्ही बाजूंचे लोक बोट ठेवतात ते मात्र त्याच त्या गोष्टींवर: अंतराळात तरंगणारी शिडाची जहाजे, बापाविना वाढलेला नायक जिम आणि अर्धे शरीर यंत्राचे असलेला चाचा जॉन सिल्व्हर. हे मतभेद कोठून आले हे पाहायचे तर चित्रपटाच्या बऱ्याच मागे, तो ज्यावर बेतला आहे त्या 'ट्रेझर आयलंड' या मूळ कादंबरीपर्यंत जावे लागते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने 'ट्रेझर आयलंड'ची सुरुवात १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार या गावी केली. पावसामुळे सगळे घरात अडकलेले असताना त्याच्या लहानग्या सावत्र मुलाच्या करमणुकीतून एका बेटाचा नकाशा तयार झाला आणि त्या नकाशातून गोष्ट. ती प्रथम 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात ऑक्टोबर १८८१ ते जानेवारी १८८२ या काळात 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या टोपणनावाने क्रमशः छापली गेली, परंतु तेथे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८८३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा मुलांसाठी लिहिलेली ही गोष्ट मोठ्या माणसांनीही उचलून धरली, आणि तिची कीर्ती खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाली.

मोठ्यांना ती आवडण्याचे मुख्य कारण सिल्व्हर हे होते. एक पाय गमावलेला आपला मित्र, कवी विल्यम अर्नेस्ट हेन्ली, याच्यावरून आपल्याला हे पात्र सुचले, असे स्टीव्हन्सनने स्वतः हेन्लीला कळवले होते. सिल्व्हर हसतमुख आहे, गोडबोल्या आहे, जहाजावरचा स्वयंपाकी म्हणून जिमवर माया करणारा आहे, आणि खजिन्याच्या शोधात निघालेल्या त्या जहाजावरील बंडाचा म्होरक्याही तोच आहे. कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग बेटावर घडतो. बंडात सामील व्हायला नकार देणाऱ्या टॉम नावाच्या खलाशाच्या पाठीत सिल्व्हर आपली कुबडी फेकून मारतो आणि तो कोसळताच त्याला भोसकून ठार करतो. झाडीत लपलेला जिम हे सर्व पाहतो. त्यानंतरही जिमला, आणि वाचकालाही, सिल्व्हरबद्दल वाटणारी ओढ पुरती तुटत नाही. शेवटी सिल्व्हर नाण्यांची एक थैली घेऊन पळून जातो. त्याला मदत करतो तो बेटावर वर्षानुवर्षे एकाकी राहिलेला बेन गन. त्या पलायनात जिमचा काहीही हात नाही, ही बाब पुढील चर्चेसाठी महत्त्वाची आहे.

चित्रपट आले तसे हे चित्र बदलू लागले. १९३४ च्या व्हिक्टर फ्लेमिंग दिग्दर्शित चित्रपटात वॉलेस बीरीच्या सिल्व्हरला जिमच सोडवतो. १९५० मध्ये डिस्नेने ही कथा चित्रपटात आणली आणि तो त्या संस्थेचा पहिला पूर्णतः जिवंत अभिनयाचा, म्हणजे अ‍ॅनिमेशनविरहित, कथापट ठरला. त्यात रॉबर्ट न्यूटनने सिल्व्हरच्या तोंडी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील जो ठसकेबाज बोलीउच्चार घातला, तोच पुढे जगभरातील चाच्यांच्या नकलेचा आधार झाला. या चित्रपटाच्या शेवटी सिल्व्हर जिमवर पिस्तूल रोखतो, परंतु त्याला गोळी झाडवत नाही, आणि मग वाळूत रुतलेली त्याची होडी जिमच पाण्यात ढकलतो. मुलगा आणि चाचा यांच्यातील नाते मऊ करण्याचे काम अशा रीतीने २००२ च्या आधी अर्धे शतक डिस्नेनेच करून ठेवले होते. 'ट्रेझर प्लॅनेट'ने सिल्व्हरला सौम्य केले, असा आक्षेप घेणारे पुष्कळजण हा मधला टप्पा विसरतात असे मला वाटते.

कथेला अ‍ॅनिमेशनमध्ये किंवा अंतराळात नेण्याची कल्पनाही अगदी नवी नव्हती. जपानमध्ये १९७८ साली ओसामू देझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली या कादंबरीवर दूरदर्शन मालिका झाली. सोव्हिएत काळात कीव्हमधील स्टुडिओत डेव्हिड चेरकास्की यांनी १९८८ मध्ये तिचे विनोदी अ‍ॅनिमेशन रूपांतर केले आणि ते तेथे अतिशय लोकप्रिय झाले. १९८७ च्या एका इटालियन दूरदर्शन मालिकेने तर सारी गोष्टच अंतराळात नेली होती, आणि तीत अँथनी क्विन सिल्व्हर होता.

डिस्नेमध्ये ही कल्पना मांडली गेली ती १९८५ मध्ये. रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर यांनी नव्या व्यवस्थापनासमोर ज्या कल्पना ठेवल्या, त्यांत एक जलपरीची परीकथा होती आणि दुसरी 'ट्रेझर आयलंड'ची अंतराळातील आवृत्ती. जलपरी स्वीकारली गेली, अंतराळ नाकारले गेले. त्यानंतर या जोडीने 'द लिटल मर्मेड' (१९८९), 'अल्लादीन' (१९९२) आणि 'हर्क्युलिस' (१९९७) हे चित्रपट केले, आणि त्यानंतरच त्यांच्या जुन्या कल्पनेवर पूर्ण ताकदीने काम सुरू झाले. या विलंबाचा प्रेक्षकांच्या मतांवर दुहेरी परिणाम झाला. एक तर याच दिग्दर्शकांच्या आधीच्या चित्रपटांमुळे लोक पात्रांच्या तोंडची गाणी अपेक्षून आले होते, आणि येथे एकही पात्र गात नाही. दुसरे म्हणजे १९८५ मध्ये जी कल्पना ताजी वाटली असती, ती प्रत्यक्षात आली तेव्हा 'टायटन ए.ई.' (२०००) आणि डिस्नेचाच 'अटलांटिस' (२००१) हे साहसी अ‍ॅनिमेशनपट तिकीटबारीवर निराशा करून गेलेले होते, तर 'श्रेक' आणि 'मॉन्स्टर्स इंक.' यांसारख्या संगणकनिर्मित विनोदी चित्रपटांनी कुटुंबांची मने जिंकली होती.

चित्रपटाच्या दृश्यरूपाचे सूत्र कलाकारांनी सत्तर-तीस असे ठरवले होते: सत्तर टक्के जुने, तीस टक्के नवे. जहाजे लाकडाची आणि शिडांची राहिली, कपडे अठराव्या शतकाचे राहिले, मात्र शिडे सूर्याची ऊर्जा शोषतात आणि जहाजांना मागे यंत्रे आहेत. रंगसंगतीसाठी त्यांनी अमेरिकेतील ब्रँडीवाइन परंपरेच्या, म्हणजे पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या, चित्रकारांकडे पाहिले. याच परंपरेतील एन. सी. वायथ याने 'ट्रेझर आयलंड'च्या १९११ च्या आवृत्तीसाठी काढलेली चित्रे आजही त्या पुस्तकाची ओळख मानली जातात. पात्रांना शिरस्त्राणे आणि अंतराळवेष घालावे लागू नयेत म्हणून अंतराळ हवेने भरलेले आहे असे मानण्यात आले आणि त्याला 'इथेरियम' हे नाव देण्यात आले.

प्रतिकूल मतांपैकी मोठा भाग याच निर्णयाभोवती फिरतो. तेथे श्वास कसा घेता येतो, यंत्रे बनवू शकणारे लोक तलवारी का वापरतात, चाच्यांची गोष्ट सरळ समुद्रावरच का ठेवली नाही, हे प्रश्न त्या वेळच्या समीक्षकांनी विचारले आणि प्रेक्षक अजूनही विचारतात. मला हा आक्षेप फार जड वाटत नाही, कारण चित्रपट आपले नियम पहिल्या काही मिनिटांतच उघड करतो आणि पुढे ते पाळतो. बेन गनच्या जागी आलेल्या बडबड्या यंत्रमानवाबद्दलची तक्रार मात्र मला रास्त वाटते. मूळ पात्राच्या एकाकीपणात जी करुणा होती, तिची जागा येथे गोंगाटाने घेतली आहे, आणि हे पात्र पडद्यावर येताच तोवर सांभाळलेला सूर सुटतो. याउलट कादंबरीतील जहाजाचा कप्तान स्मॉलेट याच्या जागी आणलेल्या कॅप्टन अमिलियाबद्दल तक्रार क्वचितच ऐकू येते. एमा थॉम्पसनच्या आवाजातील तिचा करारी नेमकेपणा कादंबरीप्रेमींनाही पटलेला दिसतो.

सिल्व्हर हे या चित्रपटाचे केंद्र आहे, आणि त्याच्या घडणीत तंत्र व कथा एकमेकांना धरून चालतात. त्याचे मानवी शरीर आणि चेहरा ग्लेन कीन यांनी हाताने रेखाटले, तर यांत्रिक हात, पाय आणि डोळा एरिक डॅनियल्स यांच्या देखरेखीखाली संगणकावर तयार झाले. हे दोन्ही एकाच पात्रात जुळतील का, हे पाहण्यासाठी आधी १९५३ च्या 'पीटर पॅन'मधील कॅप्टन हुकच्या चित्रांना संगणकीय हात जोडून चाचणी घेण्यात आली होती. हाताने काढलेल्या ओघवत्या रेषा आणि यंत्राची काटेकोर हालचाल यांतून एक असा माणूस उभा राहिला, ज्याच्या दोन बाजू शब्दांविनाही दिसतात.

मात्र कथेत या माणसाचे हात स्वच्छ ठेवण्यात आले. टॉमच्या हत्येचा प्रसंग चित्रपटात नाही. जहाजावरचा अधिकारी मिस्टर अ‍ॅरो, जो कादंबरीत दारूच्या नशेत एका रात्री नाहीसा होतो, त्याला येथे ठरवून मारले जाते. पण मारणारा स्क्रूप नावाचा कोळ्यासारखा दिसणारा चाचा आहे आणि सिल्व्हर त्याच्यावर संतापतो. क्रौर्य अशा रीतीने वेगळ्या पात्राकडे सोपवले गेले. कादंबरी मनात ठेवून पाहणाऱ्यांचा येथेच सर्वांत गंभीर आणि माझ्या मते सर्वांत विचारार्ह आक्षेप आहे: खुनी माणसाबद्दल माया वाटणे ही स्टीव्हन्सनने निर्माण केलेली अडचण होती, आणि ती सोडवून टाकल्यावर जिमची निवड सोपी होते.

चित्रपटाने त्या बदल्यात दुसरी अडचण आणली, आणि तिच्यामुळेच त्याला आपला प्रेक्षक मिळाला. कादंबरीत जिमचा बाप आजारी पडून मरतो. चित्रपटात तो एके दिवशी घर सोडून निघून जातो आणि परत येत नाही. गायक जॉन रेझनिक याच्या आवाजातील गाण्यावर बेतलेल्या दृश्यमालिकेत दोन काळ आलटून पालटून दिसतात: किनाऱ्यावरून दूर जाणाऱ्या बापामागे धावणारा लहान जिम, आणि जहाजावर सिल्व्हरकडून दोर बांधायला आणि काम तडीस न्यायला शिकणारा तरुण जिम. चित्रपटावर प्रेम करणारे प्रेक्षक पुन्हा पुन्हा याच प्रसंगाकडे येतात. त्यांच्यासाठी प्रश्न सिल्व्हर खुनी आहे की नाही हा नसतोच. ज्याने पहिल्यांदा आपल्यावर विश्वास टाकला, तोच आपल्याला फसवत होता हे कळल्यावर काय करायचे, हा असतो. पिंपात लपलेला जिम सिल्व्हरचे खरे बेत ऐकतो, तो कादंबरीतील प्रसिद्ध प्रसंग चित्रपटात राखलेला आहे, आणि या नव्या पार्श्वभूमीमुळे तो अधिक बोचतो. पुढे सिल्व्हर पळणाऱ्या जिमवर नेम धरतो आणि त्याला गोळी झाडवत नाही. १९५० च्या चित्रपटातील क्षणाशी याचे नाते स्पष्ट आहे.

हे सर्व गुणदोष शांतपणे तोलले जाण्यापूर्वीच पैशाच्या हिशेबाने निकाल दिला. सुमारे १४ कोटी डॉलर खर्चून बनलेल्या या चित्रपटाने पहिल्या आठवडाअखेरीच्या तीन दिवसांत अमेरिकेत सुमारे १.२ कोटी डॉलर मिळवले, आणि त्याची जगभरातील एकूण कमाई ११ कोटींच्या आसपास थांबली. हॅरी पॉटर मालिकेतील दुसरा चित्रपट अवघ्या बारा दिवसांपूर्वी आला होता, त्याच मोसमात जेम्स बाँडचाही चित्रपट चालू होता, आणि सर्वसाधारण चित्रपटगृहांबरोबरच भव्य आयमॅक्स पडद्यांवर एकाच वेळी प्रदर्शन करण्याचा प्रयोगही गर्दी खेचू शकला नाही. कंपनीला आपल्या जाहीर केलेल्या नफ्याचे आकडे खाली आणावे लागले. समीक्षकांची मते तेव्हाही एकूण अनुकूलच होती आणि सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले, जरी पुरस्कार हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे'ला गेला. तरीही 'डिस्नेचे मोठे अपयश' हीच ओळख पक्की झाली. डिस्ने हाताने रेखाटलेल्या अ‍ॅनिमेशनपासून दूर जात असल्याच्या काळात या अपयशाचा पुरावा म्हणून वापर झाला, आणि व्हिडिओसाठी योजलेला पुढचा भागही रद्द करण्यात आला. चाच्यांच्या कथांना प्रेक्षक उरलेला नाही, हे त्या अपयशाचे स्पष्टीकरण मात्र टिकू शकत नाही, कारण जुलै २००३ मध्ये आलेल्या डिस्नेच्याच 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'ने जगभर ६५ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

२००३ मध्ये डीव्हीडी आल्यावर चित्रपट घरोघरी पोहोचला आणि त्याचा खरा प्रेक्षक तेथे तयार झाला. तिकीटबारीचे आकडे मुलांना ठाऊक नव्हते, कादंबरीही बहुतेकांनी वाचलेली नव्हती. कित्येकांनी ती चित्रपटामुळे नंतर वाचली. हे प्रेक्षक मोठे झाल्यावर त्यांनी चित्रपटाची बाजू हिरिरीने मांडायला सुरुवात केली, आणि त्यात कधीकधी अतिशयोक्तीही होते. त्यांच्या सांगण्यात यंत्रमानवाचा गोंगाट किंवा स्फोटांनी भरलेला घाईचा उत्तरार्ध सहसा येत नाही. जुन्या टीकाकारांच्या लेखनात बापाच्या जाण्याचा उल्लेख ओझरता येतो, तो याच न्यायाने.

शेवटाबद्दलचा वाद आजही सर्वांत जिवंत आहे. कादंबरीतला जिम सिल्व्हर आपल्या आयुष्यातून गेला याबद्दल सुटकेचा श्वास टाकतो आणि त्या बेटावर पुन्हा पाऊल ठेवायला तयार होत नाही. चित्रपटातल्या जिमसाठी सिल्व्हर खजिन्याने भरलेली होडी हातची जाऊ देतो, नंतर पळताना त्याला बरोबर येण्याचे निमंत्रण देतो, आणि जिम नकार देऊनही त्याला जाऊ देतो. सिल्व्हर मग मूठभर रत्ने त्याच्याकडे टाकून जिमच्या आईची जळालेली खाणावळ पुन्हा उभी करायला सांगतो. कादंबरीच्या चाहत्यांना ही तडजोड वाटते. मला त्यात जिमचा नकार अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो सिल्व्हरनेच शिकवलेल्या आत्मविश्वासातून येतो, आणि निरोपाच्या क्षणी असा नकार देण्याची वेळ स्टीव्हन्सनच्या जिमवर आलेली नाही.