प्रोस्टेट कॅन्सर: जपानी पुरुषांमधला धोका जपानमध्येच शोधावा लागला

प्रोस्टेट कॅन्सर अमेरिकेच्या मानाने जपान, चीन, कोरियात बराच कमी सापडतो. मग पटकन वाटतं की त्यांचे जीन्सच चांगले असणार. पण जपानमधून हवाई, कॅलिफोर्नियात जाऊन राहिलेल्या कुटुंबांमध्ये हाच कॅन्सर वाढलेला दिसला, जीन्स तर तेच होते ना, म्हणजे राहणीमानाचाही हात आहे, आणि अमेरिकेत पीएसए ही रक्ताची टेस्ट जास्त होते म्हणून केसेसही जास्त पकडल्या जातात.

तरी जीन्स महत्त्वाचे आहेतच. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला झालेला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. २०२१ मध्ये २ लाख ३४ हजार पुरुषांचा डेटा एकत्र करून डीएनएमधल्या या धोक्याशी जोडलेल्या २६९ जागा काढल्या, प्रत्येक जागेचा परिणाम अगदी बारीक पण सगळ्यांची बेरीज केली की फरक दिसतो. युरोपियन वंशाच्या पुरुषांचा सरासरी जेनेटिक धोका १ धरला तर पूर्व आशियाई पुरुषांचा ०.७३ आला आणि आफ्रिकन वंशाच्या पुरुषांचा २.१८. आता ही सरासरी आहे, एखाद्या जपानी माणसाचा स्वतःचा धोका भरपूर जास्त असू शकतो.

आणि तो धोका ओळखायला युरोपियन लोकांवरून केलेली यादी पुरत नाही, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी आपल्याच पेशंट्सचा डीएनए तपासला तर ५ नव्या जागा मिळाल्या, २०१२ मध्ये चिनी पुरुषांमध्ये आणखी २.

होक्सबी१३ या जीनचं उदाहरण तर बघाच. हा जीन प्रोस्टेटच्या वाढीसाठी लागतो. २०१२ मध्ये अमेरिकेत कळलं की त्याच्या प्रोटीनमध्ये ८४ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक ॲसिड (दोन्ही प्रोटीनचे छोटे घटक, म्हणजे अमिनो ॲसिड्स) आलं की कॅन्सरचा धोका खूप वाढतो. हा बदल मुख्यतः युरोपियन वंशात, त्यातही नॉर्डिक देशांत जास्त. चीनमध्ये फक्त तोच शोधत बसले असते तर हाताला काहीच लागलं नसतं, पण त्यांनी अख्खा जीन वाचला आणि बदल सापडला १३५ व्या जागी, पुढे जपानमध्ये १३२ व्या. तिन्हीकडे ग्लायसिन जाऊन ग्लुटामिक ॲसिडच आलंय, फक्त जागा वेगळी! म्हणजे एका जागेपुरती टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

२०२० मध्ये जपानमध्ये ७,६३६ पेशंट्सचे ८ जीन्स तपासले, त्यात बीआरसीए२, होक्सबी१३ आणि एटीएम हे तीन ठळकपणे पुढे आले. बीआरसीए२ म्हणजे तोच, ब्रेस्ट कॅन्सरमुळे आपल्याला माहीत झालेला. तो बिघडलेल्या पुरुषांचा प्रोस्टेट कॅन्सर जास्त आक्रमक असतो, पण ओलापॅरिबसारखं औषध नेमकं अशाच कॅन्सरवर चालतं, त्यामुळे कुठला जीन बिघडलाय हे कळलं तर ट्रीटमेंट बदलू शकते.

२०२१ च्या त्या स्टडीत युरोपियन, आफ्रिकन, पूर्व आशियाई आणि हिस्पॅनिक असे चार गट होते, दक्षिण आशियाई म्हणजे आपला गट त्यात नव्हता. त्यामुळे ०.७३ हा आकडा आपल्याला लावू नका. पण फॅमिली हिस्टरी आपल्याकडेही तेवढीच कामाची, आणि युरॉलॉजिस्टला सांगताना फक्त वडील-काका-भावांचं नाही तर आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यापैकी कुणाला ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला होता का तेही सांगा, कारण बीआरसीए२ बायकांकडूनही पुढे येतो.