हृदय, जनुकं आणि म्हातारा होणारा मेंदू

"साठी बुद्धी नाठी" असं आपण सहज म्हणून जातो, जणू साठावा वाढदिवस झाला की बुद्धीने पळून जायचं ठरलेलंच आहे. तसं काही ठरलेलं नसतं. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो, नाव ओठांवर येऊन अडकतं, गॅस बंद केला का हे दोनदा बघून यावं लागतं, हे थोड्याफार फरकाने सगळ्यांचंच होतं. पण एकाच घरातली दोन सख्खी भावंडं बघा, एक पंच्याऐंशीला भिशीचा हिशोब तोंडी सांगतं आणि दुसरं सत्तरीतच आपल्याच गल्लीत रस्ता चुकतं. या फरकामागे बरीच कारणं असतात, त्यातली दोन मोठी म्हणजे आईबापांकडून आलेली जनुकं आणि हृदय-रक्तवाहिन्यांची तब्येत. आणि ही दोन वेगळी खाती आहेत असं समजायचं कारण नाही, कारण अल्झायमरच्या बाबतीत ज्या जनुकाचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ते एपीओई मुळात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक आहे.

मेंदूचा रक्ताचा खर्च

मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या २ टक्के. पण आपण नुसते बसलेलो असताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला २० टक्के हा एकटा खातो, आणि त्यासाठी हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं १५ टक्के, मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास, त्याच्याकडे सतत जात राहावं लागतं. साठवून ठेवायची सोय जवळजवळ नाहीच. पुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत पेशी मरायला लागतात.

मोठ्या वाहिनीत गुठळी अडकून लकवा मारला की तो घरात सगळ्यांना दिसतो, धावपळ होते. खरा चोरटा प्रकार बारीक वाहिन्यांचा आहे. मेंदूच्या खोल भागाला रक्त पोचवणाऱ्या दोऱ्यासारख्या धमन्या थेट जाडजूड धमन्यांमधून फुटतात, मध्ये हळूहळू बारीक होत जाणारी पायरी फारशी नसते, त्यामुळे बीपी वाढलेलं असलं की सगळा दाब त्यांच्यावर जातो. ठिबकच्या नळीला मोटारीचं पाणी थेट सोडावं तसं. तरुणपणी हृदयातून निघणारी महाधमनी रबरासारखी ताणून प्रत्येक ठोक्याचा धक्का स्वतः खाते, पण वयाने, बीपीने, शुगरने ती ताठ झाली की तो धक्का वरपर्यंत तसाच पोचतो. मग बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, काही बंद पडतात, काही झिरपतात, आणि मेंदूतल्या पांढऱ्या भागाचं, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या वायरिंगचं नुकसान होत जातं, तेही दुखत-खुपत नसताना. विसरण्याच्या आधी बऱ्याचदा माणूस संथ होतो, चाल मंदावते, दोन कामं एकत्र जमत नाहीत, पैशाचे व्यवहार गडबडतात.

एमआरआयमध्ये हे पांढऱ्या ठिपक्यांसारखं किंवा ढगांसारखं दिसतं. रिपोर्टवर "स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड १, एज रिलेटेड" (म्हणजे बारीक वाहिन्यांतून रक्त कमी पडल्याच्या खुणा, वयामुळे) असं काहीतरी लिहून येतं आणि "एज रिलेटेड" एवढंच वाचून घरचे लोक फाइल कपाटात टाकून देतात. फझेकास ही १९८७ सालची मोजपट्टी, शून्य ते तीन. सत्तरीत एक असणं अगदी कॉमन आहे, त्याने घाबरायचं कारण नाही, पण तीन म्हणजे पांढरे ढग एकमेकांत मिसळलेले, आणि ते पन्नाशीतल्या माणसात दिसले तर "वयामुळे" म्हणून सोडून देणं चूक.

ही समज तशी जुनी आहे. ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ साली रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या बुद्धिभ्रंशाचं, म्हणजे डिमेन्शियाचं, वर्णन केलं होतं. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये जी प्रसिद्ध केस मांडली त्या बाईंच्या मेंदूत गाठी आणि गुंते तर होतेच, पण मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्याची नोंदही त्यांनी केली होती. पुढे सगळं लक्ष गाठींवर गेलं आणि वाहिन्यांची ओळ मागे पडली. आता शवविच्छेदनांत असं दिसतं की म्हातारपणीच्या डिमेन्शियात दोन्ही प्रकार एकत्र असणंच जास्त नेहमीचं.

जनुकांची बाजू

काही थोड्या घराण्यांमध्ये चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमर होतो, तिथे एपीपी, प्रेसेनिलिन १ किंवा प्रेसेनिलिन २ यापैकी एका जनुकात बिघाड असतो आणि तो आला की आजार जवळजवळ ठरलेला. पण हे एकूण पेशंटमध्ये १ टक्क्याच्याही आत. बाकीच्यांसाठी महत्त्वाचं ते १९व्या गुणसूत्रावरचं एपीओई. याचे तीन प्रकार, २, ३ आणि ४, आणि प्रत्येकाकडे एक आईकडून एक वडिलांकडून अशा दोन प्रती. सगळ्यात जास्त लोकांकडे ३ असतो. ४ नंबरचा अल्झायमरशी संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या ॲलन रोझेस यांच्या टीमने दाखवला. ४ ची एक प्रत असली की धोका साधारण दुप्पट-तिप्पट, दोन असल्या की आठ ते बारा पट, असे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेले आहेत, ते जसेच्या तसे प्रत्येक समाजाला लावता येत नाहीत. २ नंबर उलट संरक्षण देतो.

हे जनुक करतं काय तर यकृतात आणि मेंदूतल्या आधार-पेशींत असं प्रथिन बनवतं जे चरबी, कोलेस्टेरॉल इकडून तिकडे नेतं. ४ नंबरच्या प्रथिनाने मेंदूतला अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा कचरा (अल्झायमरमधल्या गाठी याच्याच) नीट उचलला जात नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामधला बंधारा गळका होतो, आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढून हृदयविकाराचा धोकाही थोडा वाढतो. थोडक्यात एकच पाहुणा दोन्ही घरी जाऊन गोंधळ घालतो.

फक्त रक्तवाहिन्यांच्या वाटेने मेंदू बिघडवणारी जनुकंही आहेत. कॅडासिल नावाच्या आजारात नॉच ३ या जनुकात बिघाड असतो (हे १९९६ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी शोधलं). आधी मायग्रेन, मग चाळिशी-पन्नाशीत छोटे छोटे स्ट्रोक, मग हळूहळू बुद्धीवर परिणाम, आणि यासाठी बीपी असावं लागतंच असं नाही. तरीही या आजारात सिगारेट ओढणाऱ्यांना स्ट्रोक लवकर येतो, म्हणजे इतक्या पक्क्या जनुकीय आजारातही राहणीमानाला जागा आहे.

हृदयाच्या स्नायूंचंही एक जनुक आपल्याकडे खास लक्षात ठेवण्यासारखं आहे, एमवायबीपीसी ३. त्यातला डीएनएची २५ अक्षरं गळालेला प्रकार भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांकडे आहे, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्या संशोधनात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. हा प्रकार असलेल्यांना उतारवयात हृदय कमजोर व्हायचा धोका वाढतो. आपण ज्याला "पंपिंग तीस टक्क्यांवर आलं" म्हणतो ते झालं की मेंदूच्या वाट्याचं रक्तही कमी पडायला लागतं. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा आणि धमन्यांना त्रासदायक असा एक कण, हा आणखी एक आनुवंशिक प्रकार, तो डाएटने फारसा हलतच नाही. आणि ठोके अनियमित पडणं, एट्रियल फिब्रिलेशन, याने स्ट्रोकचा धोका पाचपट होतो, त्यासाठीच रक्त पातळ करायची गोळी देतात.

दोन्ही एकत्र आल्यावर

गंमत म्हणजे या विषयातली कितीतरी माहिती हृदयाच्या अभ्यासांतून आली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५२०९ माणसं घेऊन सुरू झालेला अभ्यास हार्ट अटॅकची कारणं शोधायला होता, पण माणसं म्हातारी होत गेली आणि त्यांच्या स्मरणशक्तीच्या नोंदीही जमा होत गेल्या. २०१६ मध्ये त्यातून कळलं की १९७०च्या दशकाच्या शेवटापासून दर दशकात डिमेन्शियाच्या नव्या केसेसचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांनी उतरलंय, मात्र किमान हायस्कूल शिकलेल्यांमध्येच. तीस-चाळीस वर्षांत जनुकं काही बदलत नाहीत, बदलले ते उपचार, शिक्षण, सवयी. होनोलुलूतल्या जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यासही १९६५ मध्ये हृदयासाठीच सुरू झाला होता, आणि २००२ मध्ये त्यातून दिसलं की डायबिटीस आणि एपीओई ४ दोन्ही असलेल्यांना अल्झायमरचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत साडेपाच पट होता.

बोलिव्हियाच्या ॲमेझॉन जंगलातल्या चिमाने लोकांची गोष्ट तर मला सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते. शिकार, मासेमारी, थोडी शेती, दिवसभर अंग हलतं. २०१७ मध्ये त्यांच्या हृदयाचे सीटी स्कॅन केले तर ८५ टक्के लोकांच्या धमन्यांत कॅल्शियम (धमन्या कडक होत असल्याची खूण) अजिबात नाही, ऐंशीतल्या माणसाच्या धमन्या पन्नाशीतल्या अमेरिकनासारख्या. २०२१ मध्ये दिसलं की त्यांचा मेंदू वयाबरोबर आक्रसतो तोही पाश्चात्त्यांपेक्षा खूप सावकाश, आणि २०२२ मध्ये आढळलं की साठीपुढच्यांत डिमेन्शिया जेमतेम १ टक्का. शिवाय पोटात जंत वगैरे खूप असलेल्यांमध्ये एपीओई ४ वाल्यांची बुद्धी उलट बरी टिकलेली आढळली! म्हणजे आपण ज्याला खराब जनुक म्हणतो ते कुठल्या काळी कामाचं असेलही. अर्थात तिथे लहानपणीच दगावणारी मुलं बरीच, म्हातारपणापर्यंत पोचतात ते मुळात काटक, त्यामुळे जंगलात राहायला जा असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

औषधाने फरक पडतो का, तर २०१९ च्या स्प्रिंट माइंड चाचणीत ९३६१ जणांमध्ये वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा स्मरणशक्तीची सौम्य तक्रार १९ टक्के कमी झाली. डिमेन्शिया मात्र ठामपणे कमी झाला असं म्हणता आलं नाही, चाचणी लवकर थांबली होती. आणि वय इथे फार महत्त्वाचं आहे. चाळिशी-पन्नाशीतलं वाढलेलं बीपी घातक, पण डिमेन्शिया व्हायच्या आधीच्या काही वर्षांत बीपी आपोआप उतरायला लागतं, त्यामुळे पंच्याऐंशीच्या कृश आजींना उठल्यावर चक्कर येत असेल तर तिथे १२० चा हट्ट धरणं वेगळीच भानगड होऊ शकते.

आपल्याकडचं चित्र

भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३ मधला अंदाज आहे. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये एपीओई ४ चं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत कमी निघालं होतं, ७ टक्के विरुद्ध ११. जनुकाच्या बाबतीत आपण थोडे नशीबवान म्हणायचं, पण रक्तवाहिन्यांच्या बाबतीत उलटं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेला "बारीक पण चरबीवाला" भारतीय आता जगभर माहीत आहे: वजन-उंचीचं गणित ब्रिटिश माणसाइतकंच, अंगातली चरबी मात्र जास्त, आणि हे वळण आईच्या पोटातच लागलेलं. त्यात आपल्याकडे "गोळी एकदा चालू झाली की कायमची मागे लागते" म्हणून बीपीची गोळी टाळणारे, आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून ती बंद करणारे घरोघरी सापडतात, गोळीमुळेच नॉर्मल आलंय हे सांगून पटत नाही.

एपीओईची टेस्ट आता लाळेवरूनही होते. डॉक्टर सरसकट करायला सांगत नाहीत, पण लेकॅनेमॅबसारखी अमायलॉइड काढणारी नवी औषधं देण्याआधी ती बघतात, कारण ४ च्या दोन प्रती असलेल्यांना त्या औषधाने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव व्हायचा धोका जास्त. डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळालेले जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं, २००७ मध्ये वाचून त्यांच्या हातात दिला गेला तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, एपीओईचं तेवढं सांगू नका. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. जीनोम सगळ्यांसाठी खुला करताना तेवढा तुकडा कोरा ठेवला, पण नंतर काही शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की शेजारच्या अक्षरांवरून तो ओळखता येतो, म्हणून मग आजूबाजूची आणखी वीस लाख अक्षरं उडवावी लागली.